सपाट ठेवला की सगळं ठीक

लग्नात अंतरपाट धरला की फोटोग्राफरला उभं राहायला जागा उरत नाही. भटजी, मामा, कलश घेतलेल्या करवल्या आणि त्यांच्या मागे मोबाइल उंचावून उभी असलेली निम्मी वऱ्हाडी मंडळी. त्यात माझी उंची बेताची. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि 'पुन्हा एकदा करा' असं कुणाला म्हणता येत नाही. अशा वेळी कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, मागचा डिस्प्ले बाहेर ओढून खाली वळवायचा आणि त्यात बघून फोटो काढायचे, हा आता आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार आहे.

म्हणूनच नवी बॉडी घ्यायची ठरवली तेव्हा फिरणारा डिस्प्ले ही माझी पहिली अट होती. जुन्या कॅमेऱ्याचा डिस्प्ले पाठीला पक्का बसवलेला. तो डोक्यावर धरला की बाकी सगळं अंदाजपंचे. कधी नवरीचा मुंडावळ्यांसकट अर्धा चेहरा, कधी नुसतीच मांडवाची झालर. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून कॅमेरा घेतला. 'बिल नको असेल तर थोडं खाली येतो' असं काउंटरवरच्या माणसाने हळूच सुचवलं. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे हा मोह स्वस्त नसतो. तरी मी पक्कं बिल घेतलं, त्यावर बॉडीचा सिरियल नंबर लिहून घेतला आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतला. त्या कागदांचं मोल पुढे कळलं.

नवा कॅमेरा थेट लग्नाला न्यायचा नाही, हा माझा जुना नियम. आधी एखादा घरगुती कार्यक्रम घ्यायचा, जुना कॅमेरा गळ्यात आणि नवा हातात. तसा तो एका ओळखीच्या घरच्या साखरपुड्याला नेला. ओटी भरण्याचा फोटो मी खालून घेतो. कॅमेरा जवळजवळ जमिनीवर टेकवायचा, डिस्प्ले वर वळवायचा, म्हणजे हातातला नारळ, खण आणि मुलीचा चेहरा एका रेषेत येतात. डिस्प्ले वळवला आणि त्याच्या डाव्या बाजूचा एक पट्टा हिरवा झाला. शेवाळाचा असतो तसा हिरवा. थोडा हलवला की जायचा, पुन्हा हलवला की यायचा. मी फोटो काढत राहिलो. तेवढ्यात मुलीची आत्या मागून डोकावली. हल्ली सगळ्यांना फोटो काढल्या काढल्या बघायचा असतो. ती म्हणाली, "अगं बाई, पोरीचा रंग असा का आलाय हो दादा? मेकअपवालीनं काय लावलंय काय?" मेकअप करणारी मुलगी तिथेच उभी होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी आत्याला सांगितलं, फोटो बरोबर आहे, स्क्रीनवर तसं दिसतंय. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात ही गोष्ट फार महागात पडते. गिऱ्हाईक सेन्सर बघत नाही, लेन्स बघत नाही. त्याला कॅमेऱ्याच्या पाठीवरचं तीन इंचांचं चित्र दिसतं. ते हिरवं दिसलं तर पंधरा दिवसांनी सुंदर अल्बम हातात देईपर्यंत त्याच्या मनात शंका राहते, आणि तोवर ती शंका चार घरांत फिरून आलेली असते.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याचं. रंग बिघडलेला दिसला तर बिघाड चार ठिकाणी असू शकतो: सेन्सरमध्ये, कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेत, डिस्प्लेत किंवा डिस्प्लेपर्यंत चित्र नेणाऱ्या तारेत. कार्ड काढून फोटो कॉम्प्युटरवर उघडले. नारळ तपकिरी, खण लाल, मुलगी गोरीपान, सगळं जागच्या जागी. म्हणजे सेन्सर ठीक. मग डोळ्याला लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं. आमच्या आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत तोही एक छोटा इलेक्ट्रॉनिक पडदाच असतो. तिथेही रंग बरोबर. शेवटी एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर बघितलं, तिथेही बरोबर. आणि मेन्यू उघडला तर डिस्प्ले वळवलेला असताना मेन्यूतली काळी पाटीसुद्धा डावीकडे हिरवी. मेन्यूचं चित्र काही लेन्समधून येत नाही. तेव्हा दोष डिस्प्लेचा किंवा त्याच्या तारेचा, हे पक्कं झालं.

फिरणाऱ्या डिस्प्लेला आतून एक पट्टीसारखी चपटी लवचिक तार जोडलेली असते. दुरुस्तीवाले तिला रिबन म्हणतात. पिवळसर पातळ प्लास्टिकवर तांब्याच्या केसासारख्या बारीक रेषा शेजारी शेजारी काढलेल्या असतात आणि ही पट्टी बिजागरीतून वळणं घेत जाते. डिस्प्ले उघडला, फिरवला की ती दर वेळी वाकते. जोडणीच्या खाचेत ती पूर्ण बसली नसेल किंवा एखादी रेषा चिरली असेल तर विशिष्ट कोनात संपर्क सुटतो. रंगाची माहिती नेणाऱ्या रेषेचा संपर्क सुटला की रंग बिघडतो, आडव्या-उभ्या रेषा उमटतात किंवा चित्र लुकलुकतं. डिस्प्ले सपाट मिटला की तार पुन्हा टेकते आणि सगळं ठीक. खूप वापरलेल्या कॅमेऱ्यात हे होतं तेव्हा कुणी आश्चर्य करत नाही. कोऱ्या कॅमेऱ्यात होतं तेव्हा जोडणी कारखान्यातच ढिली राहिली असण्याची शक्यता जास्त.

हे समजलं तरी हात लावायचा नव्हता. कोल्हापूरच्या माणसाला यंत्र उघडून बघू नको म्हणणं जड जातं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी याच गावात चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने तो १९१८ साली पुरा केला. रोलच्या जमान्यात आमच्या पेठेत एक काका घड्याळजीच्या भिंगाखाली कुठलाही कॅमेरा उघडून शटर नीट करून द्यायचे. पण त्या कॅमेऱ्यांची वॉरंटी कधीच संपलेली असायची. आता एक स्क्रू फिरवला की कंपनी हात वर करायला मोकळी. ओळखीचा एक मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे, आणा की." त्याला नमस्कार केला.

आधी दुकानात फोन केला. "साहेब, सील फोडलं की आमचा संबंध संपला. तुम्ही सेवा केंद्रात जावा." सेवा केंद्रही पुण्यातच. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने कॅमेरा घेतला, टेबलावर ठेवला, चालू केला आणि माझ्याकडे बघितलं. डिस्प्ले पाठीला सपाट मिटलेला. चित्र चकचकीत. मी म्हटलं, वळवून बघा. तिने वळवला. काही नाही! डॉक्टरांच्या दारात पोटदुखी थांबते तसा तो दोष नेमका तिथे गायब झाला. त्यांनी कॅमेरा ठेवून घेतला, आतलं सॉफ्टवेअर नवं करून दिलं आणि जॉबशीटवर शेरा मारला, 'दोष आढळला नाही'.

अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाला कसं पकडायचं हे मी यातून शिकलो. सेवा केंद्रातला माणूस लबाड असतोच असं नाही. त्याच्या टेबलावर दिवसभरात कॅमेऱ्यांची रांग असते आणि त्याला जे दिसतं तेच तो लिहितो. आपल्याला दिसलेलं त्याला दिसावं, ही सोय आपणच करायची. मी घरी कॅमेरा तिपाईवर लावला, समोर पांढरा कागद धरला आणि डिस्प्ले हळूहळू वळवत मोबाइलवर व्हिडिओ घेतला. बाहेर पूर्ण उघडून, वरच्या बाजूला साधारण काटकोनात आणला की हिरवा पट्टा यायचा. कॅमेरा थंड असताना क्वचित, अर्धा तास चालू राहून अंग गरम झालं की हमखास. त्या काउंटरवर तो का दिसला नाही याचं उत्तर यातच होतं. व्हिडिओच्या सुरुवातीला बॉडीच्या तळाशी असलेला सिरियल नंबर दिसेल असं केलं, म्हणजे 'हा कॅमेरा तोच कशावरून' हा प्रश्न उरायला नको. मग चार ओळींचा ईमेल लिहिला: दोष काय, कुठल्या कोनात, किती वेळाने, फाइलमध्ये आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तो नाही. रागाचा एक शब्द नाही. रागाने लिहिलेल्या ईमेलला उत्तर देणारा माणूस फक्त राग वाचतो.

पांढऱ्या कागदाच्या या खटाटोपात आणखी एक गोष्ट उघड झाली. काळं चित्र आणलं की डिस्प्लेच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका कायम पेटलेला. हा दोष मात्र वेगळ्या जातीचा. डिस्प्लेतला प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन ठिपक्यांचा बनतो. मागून पांढरा प्रकाश येतो आणि प्रत्येक ठिपक्यासमोरचा द्रव स्फटिक तो कमी-जास्त अडवतो. त्या ठिपक्याचा ट्रान्झिस्टर बिघडला की दार उघडंच राहतं किंवा बंदच. जाहिरातीत 'दहा लाख चाळीस हजार डॉट' असं लिहितात तेव्हा ते हेच ठिपके मोजलेले असतात. आडवे ७२० आणि उभे ४८० पिक्सेल, प्रत्येकाचे तीन ठिपके. म्हणजे खरे पिक्सेल साडेतीन लाखांच्या आतच. आणि कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक अक्षरांत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: ९९.९९ टक्के पिक्सेल चालू असतात, उरलेल्या ०.०१ टक्क्यातले काही पेटलेले किंवा विझलेले असू शकतात, तो बिघाड नाही. वाचताना हे फार काटेकोर वाटतं. हिशेब केला तर पिक्सेलवर सुमारे ३५ होतात, ठिपक्यांवर १०४. माझा एकच होता. त्यासाठी भांडायला गेलो असतो तर हरलोच असतो, आणि त्या भांडणात हिरव्या पट्ट्याची खरी तक्रारही वाहून गेली असती. म्हणून ईमेलमध्ये ठिपक्याचा उल्लेखच केला नाही.

उत्तर आलं ते असं: तुम्ही कॅमेरा व्यवसायासाठी वापरता, त्यामुळे ग्राहक म्हणून बदलून मागण्याचा प्रश्न येत नाही. हा मुद्दा मला नवा नव्हता. आमच्यातले बरेचजण हे ऐकून गप्प बसतात. ग्राहक पंचायतीचं काम करणाऱ्या एका स्नेह्याकडून मी तो आधीच समजून घेतला होता. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या त्या चळवळीची माणसं आपल्याकडे तालुक्याच्या गावीही भेटतात, त्यांना विचारायला लाजू नये. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे खरं. पण लगेच खुलासा आहे: स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी जो माणूस वस्तू विकत घेऊन वापरतो, त्याचा वापर व्यापारी धरायचा नाही. एका कॅमेऱ्यावर घर चालवणारा फोटोग्राफर, एका शिलाई मशीनवर बसणारी बाई, स्वतःची रिक्षा स्वतः चालवणारा माणूस या खुलाशात बसतो. दहा माणसं कामाला ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आणखी दोन तरतुदी उपयोगाच्या. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची. म्हणजे 'सील फोडलं की संबंध संपला' हे वाक्य दुकानदार कितीही ठासून म्हणाला तरी सदोष मालाला लागू नाही. सील फोडल्याशिवाय दोष कळणार कसा? दुसरं, तक्रार करायला पुण्याला जावं लागत नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.

मी आयोगात गेलो नाही. जायची वेळच आली नाही. उत्तरादाखल पाठवलेल्या ईमेलमध्ये या तरतुदी दोन वाक्यांत लिहिल्या, बिल आणि व्हिडिओ जोडला आणि दुकानदारालाही तोच ईमेल पाठवला. दोघांचाही सूर बदलला. दुकानदार म्हणाला, "दादा, असं कागदावर कशाला जाताय? दुसरा पीस देतो की." तो दुसरा पीस बघायला गेलो. डबा आधी उघडलेला होता आणि लेन्सच्या माउंटवर घासल्याच्या खुणा. शटर किती वेळा उडालं आहे ते तपासलं तर आकडा हजारांत. काउंटरवर मांडून ठेवलेला, दहा जणांनी हाताळलेला कॅमेरा होता तो. बदलून मिळतोय या आनंदात बरेचजण हे तपासत नाहीत. मी नको म्हटलं.

शेवटी सेवा केंद्राने पुन्हा बोलावलं. या खेपेला मी कॅमेरा गाडीतच चालू करून गरम ठेवला होता. काउंटरवर डिस्प्ले वळवला आणि हिरवा पट्टा आला. मुलगी हसली आणि आतून कारागिराला बोलावलं. विशीतला मुलगा होता. त्याने बिजागरी दोनदा हलवून बघितली आणि म्हणाला, "रिबन आहे सर. बिजागरीसकट पूर्ण सेट बदलतो." जॉबशीटवर मी आग्रहाने दोन गोष्टी लिहून घेतल्या: कॅमेऱ्यावर पडल्या-झडल्याची खूण नाही आणि बदलल्या भागाचं नाव. पैसे लागले नाहीत. कॅमेरा हाती आला तो डिस्प्लेच नवा बसवून. हिरवा ठिपकाही मागितल्याशिवाय गेला. या नव्या पडद्यावर असा ठिपका आहे की नाही, हे मी शोधलेलं नाही आणि शोधणारही नाही.

या सगळ्या काळात एक लग्न करावं लागलं ते जुन्या कॅमेऱ्यावर. तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. आमच्या आधीच्या पिढीने डिस्प्लेशिवायच सगळं केलं. पाठीवर पडदा असलेला सर्वसामान्यांसाठीचा पहिला डिजिटल कॅमेरा, कॅसिओ क्यूव्ही-१०, १९९५ साली आला. त्याआधी ३६ फोटोंचा रोल, आणि धुऊन येईपर्यंत काय हाती लागलंय ते देव जाणे. ती माणसं उजेड मोजायची, आम्ही पडदा बघतो. पडद्याची सवय इतकी लागली आहे की तो जे दाखवतो तेच फोटोत आहे असं आम्ही धरून चालतो. वास्तविक त्याचा उजेड कमी-जास्त केला तरी फोटो अंधारा किंवा भडक वाटतो. रात्रीच्या मांडवात तो झगझगीत दिसतो आणि माणूस एक्स्पोजर उगाच खाली आणतो. कच्ची रॉ फाइल घेत असलो तरी पडद्यावर दिसतं ते तिच्यासोबत साठवलेलं लहान जेपेग चित्र. म्हणून मी आता हिस्टोग्राम लावूनच काम करतो. पडद्याचा रंग बिघडला तरी तो उजेडाचा आलेख खोटं बोलत नाही, कारण तो पडद्यावरून काढलेला नसतो, चित्राच्या माहितीवरून काढलेला असतो.

पण याचा अर्थ डिस्प्लेचा दोष किरकोळ असा नाही. 'फोटो तर नीट येतायत ना?' हा प्रश्न मला दुकानदाराने विचारला, सेवा केंद्राने विचारला आणि घरच्यांनीही विचारला. फोटो नीट येत होते. पण फिरणाऱ्या डिस्प्लेचे पैसे मी मोजले होते आणि तो फिरवल्यावरच बिघडत होता. ज्या कामासाठी वस्तू घेतली तेच काम ती करत नसेल तर बाकीची दहा कामं ती करते हे सांगून भागत नाही.

तेव्हा नवा कॅमेरा घेणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. डिस्प्लेवर काच चिकटवायची घाई करू नका. आधी पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र आणून तो तपासा, सगळ्या बाजूंनी वळवा आणि अर्धा तास चालू ठेवून पुन्हा वळवा. दोष दिसला तर स्वतः उघडू नका, व्हिडिओ घ्या आणि लेखी कळवा. आणि 'तुम्ही धंद्यासाठी वापरता' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. पोटासाठी वापरलेल्या वस्तूवर कायदा तुमच्या बाजूने आहे.